ऑइल प्यालेल्या मातीतले जिवाणू आणि बायोसर्फॅक्टंट: खान्देशातल्या प्रयोगशाळेसाठी पायरी-पायरीने

धुळ्याहून जळगावकडे येताना पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात रस्त्याकडेला ट्रकची गॅरेजं लागतात. अंगणात वर्षानुवर्षं इंजिनाचं काळं ऑइल सांडून मातीवर डांबरासारखी खपली धरलेली असते. अशाच एका गॅरेजात विद्यार्थ्यांसोबत नमुने घ्यायला गेलो होतो. मिस्त्री स्पॅनर पुसत म्हणाले, "सर, आठे ते गवतबी उगस नही." त्यांचं म्हणणं खरं होतं, पण खपलीच्या अगदी कडेला हराळीचा एक कोंब वर आलेला होता. त्या कोंबाजवळची माती आम्ही वेगळ्या पिशवीत भरली आणि त्या वर्षीचे सगळ्यांत चांगले जिवाणू तिच्यातूनच मिळाले.

कारण सरळ आहे. जिथे तेल वर्षानुवर्षं मुरलेलं असतं तिथे तेलच अन्न म्हणून वापरू शकणारे जिवाणू टिकतात आणि वाढतात. पण जिवाणू राहतो पाण्यात आणि तेल काही पाण्यात विरघळत नाही. ही अडचण काही जिवाणू स्वतःचा साबण तयार करून सोडवतात. या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि जिवाणूला ते खाता येतात. हाच बायोसर्फॅक्टंट. रिठ्याचा फेस आपण पिढ्यान् पिढ्या वापरतो. त्यातलं सॅपोनिन हे वनस्पतीने केलेलं याच जातीचं काम.

जिवाणूंच्या बायोसर्फॅक्टंटमध्ये दोन नावं तुम्हाला वारंवार भेटतील. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू रॅम्नोलिपिड बनवतो, त्याची ओळख १९४० च्या दशकातच झाली. बॅसिलस सबटिलिस सरफॅक्टिन बनवतो, ते १९६८ साली जपानमध्ये सापडलं. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभाग ताणून धरणारं बल) २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सरफॅक्टिन तो २७ पर्यंत खाली आणतं, तेही लिटरमागे वीसेक मिलिग्रॅमच्या प्रमाणात. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे थेंब मोजताना लागेल.

हा लेख बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आणि मायक्रोबायोलॉजीची साधी प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजांसाठी आहे. घरी हे करू नका. स्यूडोमोनास एरुजिनोसा भाजलेल्या जखमेत, डोळ्यात, अशक्त माणसाच्या फुप्फुसात संसर्ग करतो आणि अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. कल्चर (वाढवलेले जिवाणू) तोंडाने पिपेटमध्ये ओढायचं नाही, हातमोजे घालायचे, टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं. व्हॉर्टेक्सवर (ट्यूब जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) जिवंत कल्चर हलवल्यावर ट्यूबचं झाकण लगेच उघडायचं नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं आणि धातू असतात, म्हणून तेही उघड्या हाताने हाताळायचं नाही.

आधी काचेची भांडी

मार्गदर्शक लेख सहसा मातीपासून सुरू होतात. मी भांड्यांपासून सुरू करतो, कारण आमचं पहिलं वर्ष तिथेच वाया गेलं.

१४ जिवाणू वेगळे केले होते. थेंब पसरण्याच्या चाचणीत (तेलावर ठेवलेला थेंब पसरला की बायोसर्फॅक्टंट आहे असं धरतात) त्यातले ११ पॉझिटिव्ह आले. आम्ही हरखून गेलो. तीन आठवडे वही भरत होतो. मग एका विद्यार्थिनीने सहज म्हणून, जिवाणू न घातलेल्या फ्लास्कमधलं पाणी तेलावर ठेवून पाहिलं. तोही थेंब पसरला. भांडी कपड्याच्या पावडरने धुतली जात होती आणि नळाखाली एकदाच खंगाळली जात होती. आम्ही मोजत होतो तो दुकानातला साबण होता. तीन आठवड्यांच्या पानांवर आडव्या रेघा मारल्या. त्या विद्यार्थिनीचं नाव आजही प्रत्येक नव्या बॅचला सांगतो.

तेव्हापासून या कामाची भांडी वेगळी ठेवतो. साबणाने धुतलीच तर नळाच्या पाण्याने भरपूर खंगाळून, रात्रभर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, मग तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने. आणि प्रत्येक प्रयोगात एक कोरा फ्लास्क: तेच माध्यम (जिवाणू वाढवायचं पोषक द्रावण), तेच तेल, तोच शेकर (फ्लास्क सतत हलवणारं यंत्र), तेवढेच दिवस, फक्त जिवाणू नाही. या लेखात पुढे दर पायरीला हा कोरा फ्लास्क येईल. तुमच्या जिवाणूने जे केलं ते कोऱ्या फ्लास्कनेही केलं असेल, तर ते जिवाणूचं काम नव्हे.

माती कधी आणि कुठून घ्यायची

आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत बरा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, वरची खपली भाजून निघते आणि वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये फार थोडं जिवंत उरतं. ऐन पावसात घ्यावी तर ऑइलचा तवंग वाहून गेलेला असतो. नाइलाजाने उन्हाळ्यात घ्यावीच लागली तर वरचा थर बाजूला सारून ५ ते १५ सेंटिमीटर खोलीची घ्या.

एका ठिकाणाहून तीन नमुने घ्या: डागाच्या मधोमध, डागाच्या कडेला आणि ५० मीटर लांबची स्वच्छ माती. मधोमध तेल इतकं दाट असतं की हवा आणि ओलावा पोचत नाही. कडेला तेलही असतं, हवाही असते, गवताची मुळं असतील तर आणखी चांगलं. स्वच्छ माती तुलनेसाठी. ट्रकच्या गॅरेजशिवाय ट्रॅक्टर दुरुस्तीची दुकानं (रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात ती भरपूर आहेत), डिझेल इंजिनाच्या जुन्या विहिरीवरची जागा, सरकीच्या तेलगिरणीचं आवार, हेही चालतं. तेलगिरणीत खनिज तेल नसून वनस्पती तेल असतं, त्यामुळे तिथले जिवाणू वेगळ्या स्वभावाचे निघतात. उत्पादनासाठी ते कधी कधी जास्त उपयोगी पडतात. मालकाला विचारल्याशिवाय खुरपं लावू नका, आणि काय करणार तेही नीट सांगा.

खुरपं अल्कोहोलने पुसून ज्योतीवरून फिरवा. १०० ग्रॅम माती निर्जंतुक पिशवीत, पिशवीवर जागा-तारीख-खोली, बर्फाच्या डब्यात. शक्यतो २४ तासांत काम सुरू करा.

काळ्या मातीची एक अडचण. तिच्यात चिकणमाती जास्त असते, ओली असताना ती चाळणीतून जात नाही आणि पूर्ण सुकवली तर ढेकळं दगडासारखी होतात. सावलीत थोडी वाफसा येईपर्यंत ठेवा, मग २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. १० ग्रॅम माती २५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ढवळून पीएच पाहून ठेवा. आपल्याकडे तो बहुधा साडेसात ते साडेआठ येतो. बोअरचं पाणी कोणत्याही माध्यमाला वापरू नका. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटसोबत गढूळ साका करतं, शिवाय ऋणभारित सर्फॅक्टंटलाही बांधून ठेवतं.

तेल खाणाऱ्यांना निवडून वाढवणं

यासाठी बुशनेल-हास माध्यम वापरतात. त्यात कार्बनचा कोणताही स्रोत नसतो, म्हणून तुम्ही घालाल तेच जिवाणूचं अन्न. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात: मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०२ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, अमोनियम नायट्रेट १ ग्रॅम, फेरिक क्लोराइड ०.०५ ग्रॅम. पीएच ७. ऑटोक्लेव्ह केल्यावर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) थोडा साका दिसतो, घाबरू नका.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरच माध्यम घ्या. जास्त भरलं तर हवा कमी पडते आणि या जिवाणूंना हवा भरपूर लागते. त्यात अडीच ग्रॅम माती आणि अर्धा मिलिलिटर डिझेल. डिझेल ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, आगीचा धोका आहे. ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळून घ्या. फ्लास्क ३० अंशांना, १५० आरपीएमवर (मिनिटाला १५० फेरे) ७ दिवस. मग त्यातलं अडीच मिलिलिटर नव्या माध्यमात, नवीन डिझेलसोबत. असं तीनदा. तिसऱ्या फेरीपर्यंत माती जवळजवळ उरत नाही आणि जे गढूळ दिसतं ते जिवाणूच.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत फ्लास्क उजेडाकडे धरून पाहा. कोऱ्या फ्लास्कमध्ये डिझेलचा तवंग अखंड, चकचकीत असतो, शेकर थांबला की लगेच वर येतो. चांगल्या फ्लास्कमध्ये तवंग फाटलेला दिसतो, पाणी ताकासारखं पांढुरकं होतं आणि काचेच्या भिंतीवर बारीक थेंबांची रांग चिकटून राहते. हे दृश्य एकदा डोळ्यात बसलं की पुढे फसगत होत नाही.

आता आपल्याकडच्या तीन अडचणी. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, गार करत नाही. एप्रिलमध्ये खोलीच ४० अंशांवर असेल तर ३० वर लावलेला इन्क्युबेटर ४० च दाखवणार. बीओडी प्रकारचा, गार करणारा शेकर नसेल तर हे काम हिवाळ्यात उरका. दुसरी गोष्ट बाष्पीभवन: सुरुवातीला फ्लास्कचं वजन लिहून ठेवा आणि कमी झालं तेवढं निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी घाला, नाहीतर सात दिवसांत क्षार दाट होतात. तिसरी गोष्ट वीज. शेकर चार तास बंद राहिला तर हवा मिळत नाही, वाढ मागे पडते. बंद राहिल्याचे तास वहीत लिहा. दोन बॅचचे आकडे जुळत नाहीत तेव्हा उत्तर बहुतेक त्या नोंदीतच असतं.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती सहसा सुटते. तेल खाणारा प्रत्येक जिवाणू बायोसर्फॅक्टंट करत नाही आणि बायोसर्फॅक्टंट करणारा प्रत्येक जिवाणू तेल खात नाही. बॅसिलसचं सरफॅक्टिन बहुतेक वेळा साखरेवर तयार होतं. खनिज तेल घातल्यावर ते उलट कमी होतं. नुसत्या डिझेलवर निवड केली तर उत्तम बॅसिलस हातचे जातील. म्हणून समांतर दुसरी वाट ठेवा: १ ग्रॅम माती ९ मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये घालून ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. बाकीचे मरतात, बॅसिलसचे बीजाणू वाचतात. मग थेट न्यूट्रिएंट अगरवर (जेलीसारख्या घट्ट पोषक माध्यमावर) पसरवा.

वेगळे करणं

तिसऱ्या फेरीतल्या कल्चरचं दहा हजारपट ते दहा लाखपट विरलन करून प्रत्येकी ०.१ मिलिलिटर न्यूट्रिएंट अगरवर पसरवा. दिसायला वेगळ्या प्रत्येक वसाहतीची दोनदा रेघाटणी करून शुद्ध करा. निळसर-हिरवा रंग अगरमध्ये उतरत असेल आणि द्राक्षासारखा गोड वास येत असेल तर बहुधा स्यूडोमोनास एरुजिनोसा. वास मुद्दाम नाक लावून घेऊ नका, प्लेट उघडताच तो येतो. नाव ठेवताना जागा कळेल अशी खूण द्या. "एस-१, एस-२" अशा नावांचा सहा महिन्यांनी काही अर्थ लागत नाही.

चाळणी: कोण खरं, कोण खोटं

प्रत्येक जिवाणू पुढे दिलेल्या उत्पादन माध्यमात ७२ तास वाढवा आणि ८,००० आरपीएमवर २० मिनिटं सेंट्रीफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी घ्या. सगळ्या चाचण्या याच पाण्यावर. कोऱ्या फ्लास्कचंही असंच पाणी काढा. चाळणीच्या वेळी माध्यमात तेल नको, ग्लिसरॉल किंवा ग्लुकोज ठेवा.

तेल सरकण्याची चाचणी मला सर्वांत जास्त भरवशाची वाटते. मोठ्या पेट्री डिशमध्ये ४० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी ओता, वर २० मायक्रोलिटर इंजिन ऑइल सोडा. ऑइल पातळ पडद्यासारखं पसरेपर्यंत थांबा. मग बरोबर मध्ये १० मायक्रोलिटर नमुना हलकेच ठेवा. बायोसर्फॅक्टंट असेल तर ऑइल भ्याल्यासारखं कडेला पळतं आणि मध्ये स्वच्छ गोल खिडकी उघडते. ३० सेकंदांनी खिडकीचा व्यास पट्टीने मोजा. गोल जितका मोठा तितकं बायोसर्फॅक्टंट जास्त, म्हणून जिवाणूंची आपापसात तुलना करता येते. डिश प्रत्येक वेळी नवी किंवा धुऊन घेतलेली हवी.

थेंब पसरण्याची चाचणी याहून झटपट होते: ९६ खाचांच्या प्लेटच्या झाकणावर तेलाचा हलका लेप, वर ५ मायक्रोलिटर नमुना. पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहतो, बायोसर्फॅक्टंटचा चपटा होऊन पसरतो. पण प्रमाण कमी असेल तर ही चाचणी नकार देते, म्हणून एकटीवर विसंबू नका.

रॉकेल मिसळण्याची चाचणी म्हणजे इमल्सिफिकेशन इंडेक्स. सपाट बुडाच्या ट्यूबमध्ये २ मिलिलिटर नमुना आणि २ मिलिलिटर रॉकेल, व्हॉर्टेक्सवर २ मिनिटं, मग २४ तास न हलवता. मधल्या सायीसारख्या थराची उंची भागिले द्रवाची एकूण उंची, गुणिले १००. इथे एक समजून घ्यायला हवं. तेल-पाणी मिसळून धरणं आणि पृष्ठताण उतरवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. ॲसिनेटोबॅक्टरचं इमल्सान तेलाला घट्ट धरून ठेवतं, पण पृष्ठताण फारसा उतरवत नाही. म्हणून एका चाचणीत नापास झालेला जिवाणू लगेच फेकू नका, त्याला त्याच्या कामासाठी बाजूला ठेवा.

रक्त अगरवरची स्वच्छ वलयं पाहून निवड करण्याची पद्धत जुनी आहे. मी ती आता प्रकल्पात ठेवत नाही. रक्तपेशी फोडणारी विकरं असणारे जिवाणू खोटं वलय देतात आणि खरे उत्पादक कधी कधी वलय देत नाहीत. सीटॅब (धनभारित सर्फॅक्टंट) आणि मिथिलीन ब्लू रंग घातलेल्या अगरवर गडद निळं वलय आलं तर रॅम्नोलिपिडसारखा ऋणभारित सर्फॅक्टंट असण्याचा पुरावा मिळतो. मात्र ते फक्त ऋणभारितांनाच ओळखतं. नुसत्या फेसावर तर अजिबात जाऊ नका. प्रथिनांनीही फेस येतो, डाळ उकळताना रोज दिसतो.

थेंब मोजून पृष्ठताण

पृष्ठताण मोजणारं यंत्र, टेन्सिओमीटर, महाग असतं. पण स्टॅलॅग्मोमीटर नावाची फुगीर पोटाची काचेची नळी शंभर वर्षांपूर्वीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही होती आणि तुमच्या रसायनशास्त्र विभागाच्या कपाटात बहुतेक पडलेली असेल. तत्त्व असं: पृष्ठताण जास्त असेल तर थेंब टोकाला घट्ट धरून मोठा होतो आणि मगच पडतो. पृष्ठताण कमी असेल तर लहान असतानाच सुटतो. म्हणून तेवढ्याच द्रवाचे थेंब जास्त होतात.

नळी उभी पक्की बांधा, पंखा बंद करा. वरच्या खुणेपर्यंत पाणी रबरी फुग्याने ओढा आणि खालच्या खुणेपर्यंत किती थेंब पडतात ते मोजा. थेंब मिनिटाला १५-२० पेक्षा वेगाने पडू देऊ नका. सर्फॅक्टंटच्या रेणूंना पृष्ठभागावर यायला वेळ लागतो, घाई केली तर आकडा खोटा येतो. प्रत्येक नमुना तीनदा मोजा. समजा ३० अंशांना पाण्याचे ४० थेंब पडले आणि तुमच्या नमुन्याचे ७८. ३० अंशांना पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७१. घनता जवळपास सारखी धरली तर ७१ गुणिले ४०, भागिले ७८, म्हणजे ३६.४ मिलिन्यूटन प्रति मीटर. हा आकडा ढोबळ आहे, पण कोऱ्या फ्लास्कचा आकडा शेजारी ठेवला की पुरतो. ४० च्या खाली आलेले जिवाणूच पुढे न्या.

पहिल्यांदा असं होतं की पाण्याचे थेंब टप... टप... असे गोल, जड पडतात आणि मग नमुना भरल्यावर तीच नळी लहान-लहान थेंब सोडू लागते. डोळ्यासमोर घडणारा हा फरक विद्यार्थ्याला जे शिकवतो ते फळ्यावर शिकवता येत नाही.

उत्पादन

स्यूडोमोनाससाठी माझं माध्यम लिटरमागे असं: सोडियम नायट्रेट ४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.४ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ४.४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्यांचं) ०.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५ ग्रॅम आणि ग्लिसरॉल ३० ग्रॅम. लोह मुद्दाम कमी ठेवलं आहे. नायट्रोजन संपत आला आणि कार्बन उरला की हा जिवाणू रॅम्नोलिपिडकडे वळतो. त्यामुळे कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर महत्त्वाचं. ३० ग्रॅम ग्लिसरॉलमध्ये सुमारे ११.७ ग्रॅम कार्बन, ४ ग्रॅम सोडियम नायट्रेटमध्ये ०.६६ ग्रॅम नायट्रोजन; यीस्ट एक्स्ट्रॅक्ट धरून गुणोत्तर १६ ते १८ च्या घरात येतं. अमोनियमपेक्षा नायट्रेट बरं.

ताजं कल्चर २ टक्के घाला. तापमान ३० ते ३७ अंश, १५० ते १८० आरपीएम, ९६ तास. दर २४ तासांनी थोडा नमुना काढून वाढ, पीएच आणि पृष्ठताण नोंदवा. वाढ थांबल्यानंतरही बायोसर्फॅक्टंट वाढत राहतं, म्हणून लवकर थांबू नका.

स्वस्त कच्चा माल म्हणून बहुतेकांना तळणीचं तेल सुचतं आणि आपल्याकडे कचोरी-भजीच्या गाड्यांवर ते मिळतंही. ३० ग्रॅम ग्लिसरॉलऐवजी १५ ग्रॅम तेल घ्या, कार्बन जवळपास तेवढाच होतो. पण इथेच मोठा खड्डा आहे. वारंवार तापलेल्या तेलात मोकळी मेदाम्लं असतात. अल्कधर्मी माध्यमात ती साबण होतात. आपल्या आज्या चुलीच्या राखेने तेलकट भांडी घासायच्या, तीच क्रिया. कोऱ्या फ्लास्कमध्येही मग पृष्ठताण उतरतो आणि तुम्ही तो जिवाणूच्या नावावर लिहिता. उपाय: तेल मलमलीतून गाळा, वेगळं निर्जंतुक करा, माध्यम थंड झाल्यावर मिसळा, पीएच ७ च्या वर जाऊ देऊ नका आणि कोऱ्या फ्लास्कचा आकडा वजा केल्याशिवाय काहीही जाहीर करू नका.

बॅसिलससाठी ग्लुकोज २० ग्रॅम, अमोनियम नायट्रेट ४ ग्रॅम, फॉस्फेट वरीलप्रमाणे, शिवाय लोह आणि मँगनीजचे अगदी थोडे क्षार. त्याला ते हवे असतात. ग्लुकोज वेगळं ऑटोक्लेव्ह करा, नाहीतर माध्यम तांबूस होतं. सरफॅक्टिन फेसात गोळा होतं; फेस बाहेर येऊन कापसाचा बोळा भिजला तर संसर्गाचा धोका, म्हणून फ्लास्क अजून रिकामा ठेवा.

काढून घेणं

पेशी सेंट्रीफ्यूजने काढा. वरचं पाणी तेलाच्या फ्लास्कचं असेल तर ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ वर आणून हेक्सेनने दोनदा धुवा, उरलेलं तेल त्यात निघून जातं. ग्लिसरॉलच्या फ्लास्कला हेक्सेन लागत नाही, नुसतं आम्ल पुरतं. रात्रभर ४ अंशांना ठेवा. सकाळी तळाशी मळकट पांढरा साका बसलेला दिसतो. तो सेंट्रीफ्यूजने गोळा करा आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ च्या मिश्रणात विरघळवा, किंवा थेट आम्ल घातलेलं पाणी इथाइल ॲसिटेटने तीनदा हलवून काढा. विद्यार्थ्यांच्या हातात मी इथाइल ॲसिटेटच देतो, क्लोरोफॉर्मपेक्षा ते सोपं पडतं. तरीही दोन्ही फ्यूम हुडमध्येच.

४० अंशांवर रोटरी इव्हॅपोरेटरने द्रावक उडवा. रॅम्नोलिपिड मधासारखं, चिकट, तपकिरी राहतं; पावडर मिळाली नाही म्हणून निराश होऊ नका. आधी वजन केलेल्या बाटलीत काढा, पुन्हा वजन करा. रानातून आणलेल्या जिवाणूपासून फ्लास्कमध्ये लिटरमागे एक-दोन ग्रॅम मिळालं तर ते चांगलं काम आहे. आणि कोऱ्या फ्लास्कमधूनही तेच सोपस्कार करून वजन घ्या. तेलाच्या बाबतीत तिथूनही मेदाम्लं निघतात, तो आकडा पाहून पुष्कळांचं "उत्पादन" अर्ध्यावर येतं.

आहे तरी काय?

रॅम्नोलिपिडसाठी ऑर्सिनॉल चाचणी: ५३ टक्के सल्फ्युरिक आम्लात ०.१९ टक्के ऑर्सिनॉल, ८० अंशांना ३० मिनिटं, ४२१ नॅनोमीटरला वाचन. रॅम्नोजचा आलेख काढून शर्करेचं प्रमाण मिळतं. सिलिका प्लेटवर क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-ॲसिटिक आम्ल ६५:१५:२ मध्ये टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत) चालवलं तर एका रॅम्नोजचा डाग वर, दोन रॅम्नोजचा खाली दिसतो.

सरफॅक्टिनसाठी बरेच जण थेट निनहायड्रिन (मोकळ्या अमिनो गटाशी जांभळा रंग देणारं रसायन) मारतात आणि जांभळा रंग आला नाही की नमुना फेकतात. सरफॅक्टिन हे वर्तुळात बंद झालेलं पेप्टाइड आहे, त्याला मोकळं अमिनो टोक नसतं. आधी आम्लाने जलापघटन करून मगच निनहायड्रिन. एफटीआयआरसाठी (अवरक्त किरणांनी रेणूतले गट ओळखण्यासाठी) जवळच्या फार्मसी कॉलेजात किंवा विद्यापीठात विचारा. जिवाणूची ओळख १६-एस आरआरएनए जनुकाने, आणि तुलनेसाठी खात्रीचा जिवाणू चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहांतून मागवता येतो.

तेलकट मातीवर

शेवटी मिस्त्रींच्या मातीवर चाचणी घ्यायचीच. दोन गोष्टी शेजारी ठेवा: गिरणेची धुतलेली वाळू आणि काळी माती. प्रत्येकी १० ग्रॅममध्ये १ ग्रॅम इंजिन ऑइल चोळून एक दिवस ठेवा. मग ५० मिलिलिटर नमुना घालून २४ तास शेकरवर. सोबत नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि कोऱ्या फ्लास्कचं पाणी, तेवढंच. वर आलेलं तेल हेक्सेनमध्ये काढून, हेक्सेन उडवून वजन करा.

वाळूतून तेल झटकन सुटतं. काळ्या मातीत तेवढं सुटत नाही, कारण तिची चिकणमाती सर्फॅक्टंटचे रेणू स्वतःकडेच ओढून धरते आणि कॅल्शियम त्यातले काही बांधून टाकतं. म्हणून वाळूवर मिळालेला आकडा काळ्या मातीच्या नावावर लिहू नका. तिच्यासाठी जास्त प्रमाण लागतं, ते वाढवत-वाढवत शोधा. जिवंत स्यूडोमोनास मात्र शेतात किंवा गॅरेजच्या अंगणात टाकायचा नाही. मातीवर जातं ते फक्त पेशी काढलेलं पाणी.

प्लेटा, फ्लास्क, उरलेली माती सगळं १२१ अंशांना ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. द्रावकं बेसिनमध्ये ओतू नका, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवा. आणि जिवाणू सापडल्याच्या पहिल्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये चार-पाच व्हायल भरून फ्रीझरमध्ये ठेवा. न्यूट्रिएंट अगरवर महिनोन् महिने पुन्हा-पुन्हा रेघाटत राहिलात तर तो वाढतो छान, पण बायोसर्फॅक्टंट करणं कमी करत जातो. तेव्हा परत जायला पहिल्या आठवड्याची व्हायलच लागते.